टिलरचं बलुतं

जुलैचा पहिला शनिवार. नाणे मावळात, कामशेतपासून आत, मामांच्या खाचरात मी गुडघाभर चिखलात उभा होतो आणि समोर पॉवर टिलर बंद पडला होता. बंद म्हणजे अर्धवट बंद. इंजिन छान चालू, चाकंही फिरतायत, पण मागची पाती जागची हलायला तयार नाहीत. वरून पाऊस. लोणावळ्याकडून आलेला पाऊस आमच्याकडे पोचेपर्यंत थोडा दमतो म्हणतात, पण त्या दिवशी तसं काही दिसत नव्हतं.

आठवडाभर ऑफिसात बसून दुसऱ्यांचे बग शोधणाऱ्या माणसाला शनिवारी असं काही समोर आलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोला. लक्षण स्पष्ट होतं. इंजिन चालू आहे, म्हणजे पेट्रोल, ठिणगी, हवा यांचा प्रश्न नाही. चाकं फिरतायत, म्हणजे बेल्ट आणि क्लच ठीक. राहिला फक्त पात्यांकडे जाणारा रस्ता. इंजिन बंद केलं, स्पार्क प्लगची टोपी काढली (हे आधी, मगच पात्यांना हात!) आणि पाहिलं तर पात्यांच्या दांड्यातली शिअर पिन तुटलेली. दगड लागला होता.

जादा पिन घरात नव्हती. मी ऐटीत गाडी काढली, कामशेतला गेलो आणि हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाचा हाय टेन्साइल बोल्ट घेऊन आलो. "मामा, ही पिन फार मऊ होती. आता हा बसवलाय, आयुष्यात तुटणार नाही."

मामा म्हणाले, "बघ बाबा. तू इंजिनियर."

बोल्ट खरंच तुटला नाही. बुधवारी परत दगड लागला तेव्हा बोल्टाऐवजी आतला गिअर तुटला. आमच्या यंत्रात पात्यांना फिरवणारा वर्म गिअर कांस्याचा आहे, त्याचे दात सोलून निघाले. शिअर पिन मऊ असते ती मुद्दाम. दगड लागला की यंत्रातलं सगळ्यात स्वस्त अंग आधी तुटावं आणि महागाचं वाचावं, एवढंच तिचं काम. घरातला फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणी तिथे जाड तार लावावी, तसा उद्योग मी केला होता. प्रोग्रामर मंडळींसाठी सांगतो, मी assert काढून टाकला होता... माफ करा, 'असर्ट'. इथे सगळं देवनागरीत लिहायचं असं मीच ठरवलंय :)

पुण्याहून गिअर यायला नऊ दिवस. शुक्रवारी लावणीला बायका ठरलेल्या. आवण तयार, पंचवीस दिवसांचं. मामांनी बैलजोडी चार वर्षांपूर्वी विकलेली. म्हणजे माझ्या एका बोल्टापायी वर्षाचा भात अडकला होता.

मी रजा टाकून गुरुवारी परत गेलो, तोंड लपवत. मामा रागावले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. रात्री पडवीत बसल्यावर मी विचारलं, "पूर्वी ऐन चिखलणीत नांगर मोडला तर काय करायचात?"

"काय करायचं? लोहाराकडं टाकायचा. सकाळी टाकला की दुपारी आऊत चालू."

"आणि पैसे?"

"पैसे कशाचे? बलुतं होतं की त्याचं."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितोय.

त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं. गावाचा कारभार आतून पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं हे पुस्तक मी आधी चाळलं होतं, या वेळी नीट वाचलं. बलुतं म्हणजे जातिव्यवस्था, मानपान, एवढंच आपल्या डोक्यात असतं. ते आहेच. पण माझ्या नजरेतून पाहिलं तर लोहार-सुतारांचं बलुतं म्हणजे वार्षिक देखभालीचा करार होता! गावातल्या कुणब्याची अवजारं सुतार-लोहारांनी वर्षभर चालती ठेवायची, आणि खळ्यावर रास झाली की आपला ठरलेला वाटा न्यायचा. दर दुरुस्तीला वेगळं बिल नाही. उलट, फाळ वारंवार मोडला तर कष्ट लोहाराचेच वाढणार, म्हणून तो चांगला शेवटण्यात (म्हणजे झिजलेला फाळ तापवून, ठोकून परत धार काढण्यात) त्याचाही फायदा.

याचं गोडवं गाण्याचा माझा बेत नाही. लोहाराचा मुलगा लोहारच व्हायचा, वाटा किती हे ठरवण्यात त्याचं फार चालत नसे, आणि पीक बुडालं की त्याचाही वाटा बुडायचा. ती व्यवस्था गेली ते बरंच झालं. पण ती जाताना तिच्यातलं एक काम निराधार झालं, ते म्हणजे अवजार चालतं ठेवण्याचं काम.

ही वीण पहिल्यांदा कधी उसवायला लागली? एक टोक बेळगावात सापडतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये तिथे सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं केली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. तो खपेना. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट आपण 'अडाणी लोक' म्हणून हसून सांगतो. मलाही ती तशीच माहीत होती. पण पडवीत बसून विचार केला तेव्हा वाटलं, त्या भीतीच्या तळाशी एक अगदी व्यवहारी प्रश्नही असू शकेल. लाकडी नांगर गावचा सुतार करतो, गावचा लोहार फाळ शेवटतो. हा बिडाचा नांगर मोडला तर गावात कोण जोडणार? बीड भात्यावर तापवून, ठोकून जुळत नाही. नवाच सुटा भाग आणावा लागतो, आणि तो कारखान्यातून. म्हणजे दुरुस्ती गावाबाहेर गेली. (हा माझा तर्क आहे, किर्लोस्करांच्या कुणा गिऱ्हाइकाची साक्ष नव्हे.)

पुढे नांगर खपला, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले, हे वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. असो.

दुसरं टोक माझ्या घराखालीच आहे. मी राहतो पिंपळे सौदागरला. तुमच्यातले निम्मे जण तिथेच राहत असतील, हिंजवडीला जायला बरं पडतं. याच पिंपळे सौदागरचा अभ्यास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी केला आणि १९१७ मध्ये पुस्तक काढलं. दख्खनमधल्या एका खेड्याची जमीन आणि मजुरी, असा विषय. त्यातला एक हिशोब प्रसिद्ध आहे. १७७१ मध्ये इथल्या एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली. १९१४-१५ मध्ये ७ एकर. आज त्या जमिनीवर आमची पार्किंगची जागा आहे आणि तिच्यावरून सोसायटीत भांडणं होतात, ते सोडा. मुद्दा असा की जमिनीचे तुकडे ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. मावळात तर डोंगरउताराची खाचरं, मध्ये बांध. ट्रॅक्टर वळवायचा म्हटला तर एक खाचर वळण्यातच संपतं. इथे यंत्र आलं तर ते लहानच यायला हवं होतं.

ते लहान यंत्र मात्र जन्मलं भलतीकडे, जिथे जमिनीला तोटा नाही अशा ऑस्ट्रेलियात! न्यू साउथ वेल्समधल्या गिल्गांड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या १९ वर्षांच्या पोराने १९१२ साली वडिलांच्या वाफेच्या ट्रॅक्टर-इंजिनला खाचा पाडलेल्या चकत्या जोडून त्या जमिनीत फिरवून पाहिल्या. नांगर ओढला की वरची माती सुटते पण खालची दाबली जाते, हे त्याला टाळायचं होतं. ओढण्याऐवजी फिरवलं तर? कल्पना चालली, पण माती बाजूला उडायला लागली. त्यावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखं वाकलेलं पातं. मामांच्या टिलरला आज जी पाती आहेत ती त्याच घाटाची. मध्ये महायुद्ध आलं, १९२० मध्ये त्याने पेटंट घेतलं, १९२२ मध्ये कंपनी काढली आणि १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये एसेक्सला कारखाना सुरू केला. त्याच सुमारास युरोपात स्विस संशोधक कोन्राड फॉन मायेनबुर्ग याच्या पेटंटांवरून फिरत्या दातांची लहान यंत्रं निघाली होती, त्यांचा वारसा आजच्या बागेतल्या टिलरमध्ये आहे.

आणि मग जपान. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जमीनसुधारणा झाल्या, कुळं मालक झाली, खाचरं लहानच राहिली, आणि १९५०-६० च्या दशकांत माणसाने मागे चालत हाकायचा टिलर घरोघरी पोचला. भात, चिखल, तुकड्यांची शेती, म्हणजे आपलंच चित्र! तिथून तो भारतात आला. बंगळुरात १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने व्हीएसटी टिलर्सची स्थापना झाली, केरळात १९७३ मध्ये सरकारी 'कामको' निघाली, तिचा टिलर कुबोटाच्या घाटाचा. मावळाच्या वाड्यावस्त्यांवर तो दिसायला लागला तो बराच नंतर. केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झालं, त्यात पॉवर टिलरला अनुदान मिळतं, आणि मामांचं यंत्र अनुदानातूनच आलं.

इथे गोम आहे. अनुदान विकत घ्यायला आहे. दर जूनमध्ये तेल बदलायला नाही, पिन ठेवायला नाही, आणि पिन मऊ का असते हे सांगायला तर नाहीच. ऑस्ट्रेलियातून पातं आलं, जपानातून घाट आला, दिल्लीतून अनुदान आलं. लोहार कुठून यायचा?

त्या गुरुवार-शुक्रवारचं काय झालं ते सांगतो. वाडीत एक बैलजोडी होती. (मावळात बैल आजही आहेत, पण बरेचसे शर्यतीचे. २०१४ मध्ये बंदी आली होती, २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिल्यापासून घाटावर धुरळा जोरात आहे. त्या बैलांना चिखलात घालायचं नाव काढलं तर मालक तुम्हालाच औताला जुंपेल.) ती एक कामाची जोडी आणि शेजारच्या वाडीतला एक टिलर, असं मिळून शुक्रवारी दुपारपर्यंत चिखलणी उरकली. मामींनी सगळ्यांना जेवण घातलं. याला इर्जिक म्हणतात, सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात राबायचं आणि त्याने जेवू घालायचं. लावणी झाली. इंद्रायणीचीच, अर्थात. हे वाण इथलंच, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेलं, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून.

गिअर आल्यावर बसवायला मी कामशेतच्या एका मेकॅनिककडे बसलो. दिवसभर. तो काम करता करता बोलत होता आणि मी लिहून घेत होतो. तुमच्यापैकी ज्यांनी तळेगाव, पवनानगर भागात गुंठेवारीत जमिनी घेऊन हौसेने टिलर घेतलेत (आहात तुम्ही, मला माहितीये) त्यांच्यासाठी त्यातलं थोडं इथे देतो.

पहिलं, पेट्रोल. ऑक्टोबरमध्ये टाकीत राहिलेलं पेट्रोल जूनमध्ये पेट्रोल नसतं. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरतं, पाणी खाली बसतं आणि कार्बोरेटरच्या बारीक भोकात चिकट थर साचतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. सुरू होत नाही म्हणून येणाऱ्या यंत्रांत मुख्य आजार हाच, असं तो म्हणाला.

दुसरं, प्लग काढून बघायचा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, चोक लावून उगाच दोरी ओढत बसू नका. कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक पूर्ण उघडत नाहीये.

तिसरं, पाती. डावी वेगळी, उजवी वेगळी. धारेची बाजू आधी मातीत शिरली पाहिजे. उलटी बसली तर यंत्र खोदत नाही, उड्या मारतं, आणि लोक म्हणतात इंजिनात दम नाही. झिजलेल्या पात्यांचंही तसंच. माणूस वरून दाबतो, इंजिन कण्हतं, बेल्ट घसरून जळका वास येतो. खापर बेल्टवर, दोष पात्यांचा.

चौथं, आणि हे मला सगळ्यात आवडलं. पात्यांच्या दांड्याला गवत, खताच्या गोणीचे दोरे, बुजगावण्याच्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या जातात. संध्याकाळी कापून काढल्या नाहीत तर त्या सरकत सरकत ऑईल सीलपर्यंत जातात आणि सील कापतात. मग आतलं तेल बाहेर, बाहेरचा चिखल आत. गिअरबॉक्सचं तेल काढलं आणि ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजा पाणी शिरलंय. सील स्वस्त, गिअर महाग. पुन्हा तीच कथा.

पाचवं, पाती मागे असलेल्या यंत्रात ती तुमच्या पायांच्या पुढ्यातच फिरत असतात. पाती चालू ठेवून रिव्हर्स घ्यायचा नाही. कधीही नाही. चिखलात पाय पटकन निघत नाही.

आणि पिन. त्याने डबीतून सहा मऊ पिना काढून माझ्या हातावर ठेवल्या. "साहेब, ही तुटली तर देवाचे आभार माना."

सगळं होऊन त्याने सांगितलेली मजुरी माझ्या एका वीकेंडच्या जेवणाच्या बिलापेक्षा कमी होती. त्याच्याकडे जून-जुलैत वीस-पंचवीस यंत्रं रांगेत असतात आणि ऑगस्टनंतर शुकशुकाट. मुलगा हाताशी आहे, पण त्याला चाकणला कंपनीत जायचंय. महिन्याला पगार मिळतो, म्हणून. बापाचं हे ज्ञान त्याच्याबरोबर चाकणला जाऊन काय करणार?

यावर मामांनीच तोड काढली. वाडीत आता पाच घरांत मिळून चार टिलर आणि दोन वीडर आहेत. मामांच्या भावकीतला एक पोरगा आयटीआय झालाय. मामांनी पाच घरं बसवली आणि ठरवलं की या पोराने मे महिन्यात सगळी यंत्रं उघडायची, तेल, सील, पाती, बेल्ट बघायचे, आणि हंगामात हाक मारली की यायचं. बदल्यात प्रत्येक घराने सुगीला त्याला इंद्रायणीचं एक पोतं द्यायचं.

मी तर हरखूनच गेलो. म्हटलं, बलुतं परत आलं! लेखाचा शेवट मिळाला!

पोरगा म्हणाला, "तांदूळ नको काका, आमच्या घरी बी हायेत. वर्षाचे ठरवून पैसे द्या. अर्धे आधी. आणि यंत्र माझ्या हातात असताना भाचेसाहेबांनी पान्ह्याला हात लावायचा न्हाय."

सगळे हसले. मी पण हसलो (थोडा उशिरा). पण नंतर परतीच्या लोकलमध्ये वाटलं, की पोरगं बरोबर होतं, आणि माझ्यापेक्षा त्याला इतिहास जास्त कळला होता. जुन्या करारातलं जे घेण्यासारखं होतं ते त्याने घेतलं, म्हणजे वर्षाचा शब्द, आणि मोडायच्या आधी काम. जे सोडण्यासारखं होतं ते सोडलं. वाटा कुणी द्यायचा, किती आणि कधी, हे या वेळी खळ्यावर उभं राहून मालकाने ठरवलं नाही. लोहाराने ठरवलं.

पाचातल्या चार घरांनी होकार दिलाय. पाचवं अजून म्हणतंय, "मोडल्यावर बघू." मे महिन्यात काय होतं ते कळेलच.

मामांच्या पडवीत आता खुंटीला एक डबी लटकते. तिच्यात पाच पिना आहेत. सहावी ऑगस्टमध्ये तुटली. मामांचा फोन आला होता, मुद्दाम तेवढंच सांगायला.

"भाचेराव, पिन तुटली."

"मग?"

"मग काय, दुसरी घातली. गिअर शाबूत हाय."